सुनेनं बसवलेली कोंबडी

रुपीबाई राठोडच्या पायाला भिंगरी आहे, हे दिग्रसकडच्या त्या बंजारा तांड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुणाच्या ओट्यावर चहाला थांबली तरी ती उभ्यानंच बशी तोंडाला लावायची. लग्नाच्या पंगतीत बसली, की भाजी येईस्तोवर वाढणाऱ्याच्या हातातली बादली हिच्या हातात गेलेली असायची. साठी जवळ आली होती, गुडघे कुरकुरत होते, पण "घडीभर बस ना वं बाई," असं कुणी म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "बसाले म्हातारपण पडलं हाय." ते म्हातारपण नेमकं कधी सुरू होणार, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

सगळी हयात ऊसतोडीत गेली. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी तांड्याच्या तोंडाशी लागायची. भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं असा सगळा संसार तिच्यात चढायचा आणि घरांना कुलपं लागायची. तिचा मुलगा इंद्रजीत उसाच्या फडातच जन्मला. नवरा गेला त्याही वर्षी दुःख आवरून ती गाडीत चढली होती. लोक म्हणतात माणसं पोटासाठी जातात, आणि ते खरंच आहे. पण रुपीबाईचं अर्धं पोट गाडीच्या वाऱ्यानंच भरायचं. तिला खरी धास्ती होती ती मागे राहण्याची. मागे म्हातारे राहतात, आजारी राहतात. रिकाम्या तांड्यात बसून राहणं म्हणजे मरणाची वाट पाहत बसणं, असं तिला मनापासून वाटे.

आता एवढ्यावर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मध्ये रंजिता होती. रंजिता म्हणजे इंद्रजीतची मुलगी, रुपीबाईची एकुलती नात. आईबाप फडावर गेले आणि दादी तांड्यात राहिली तरच पोरीची शाळा राहणार, नाहीतर शाळेला रामराम आणि फडावर पाचट गोळा करणं. दोन वर्षांपासून रुपीबाई छातीवर हात ठेवून सांगायची, "यंदा म्या राह्यतो पोरीपाशी." आणि दोन्ही वर्षं शब्द मोडला. गेल्या वर्षी तर गाडी जाऊन आठवडा झाला नाही तोच पोरीचा हात धरून ती कारखान्यावर हजर. विचारलं तर म्हणे, घर खायला उठते. त्याच्या आदल्या वर्षी तिनं हौसेनं कोंबडी अंड्यावर बसवली होती. पिल्लं निघाली, आणि चार दिवसांनी पिल्लं टोपल्यात, टोपलं डोक्यावर आणि मागून दप्तर नसलेली रंजिता, अशी वरात फडावर उतरली.

ती वरात पाहून इंद्रजीत हसला होता. त्याची बायको बबिता हसली नव्हती. बबिताची स्वतःची शाळा अशीच फडापायी सुटली होती. आता रंजिता पाचवीला होती. पाचवीला परीक्षा पास व्हावी लागते, आणि पुन्हा हजेरी तुटली तर पोरगी मागं पडेल, असं शाळेतल्या बाईंनी बबिताला नीट समजावून सांगितलं होतं. बबिता भांडकुदळ नव्हती. बोलायची कमी आणि पाहायची जास्त.

यंदा गाडी निघायच्या सकाळी रुपीबाई तांडाभर फिरत होती. कोण कुठं बसलं, कुणाची शेगडी राहिली, कुणाची बकरी सुटली, सगळी चौकशी हिलाच. घरी येऊन पाहते तर धान्याच्या कोठीमागं, अंधाऱ्या कोपऱ्यात एक टोपलं. खाली राख, वर भुसा, किड्यामुंगीसाठी कडुनिंबाचा पाला, विजेचा कडकडाट बाधू नये म्हणून एक लोखंडी खिळा. सगळं रीतसर. आणि वर त्यांची भुरी कोंबडी पंख फुगवून बसलेली.

"हे कोणं बसवली?" रुपीबाईनं विचारलं.

"म्या," बबिता गोधडीला गाठ मारत म्हणाली. घरात त्यांची बोली गोरमाटी, पण बबिता गावात वाढलेली, त्यामुळे सासू-सुनेचं बोलणं वऱ्हाडीतच चाले; 'याडी' म्हणजे आई, एवढाच गोरमाटी शब्द त्यात असे. "खुडूक झालती, याडी. जागा सोडे ना. म्हटलं, तुमाले सोबत होईन."

"मले इचारलं काहून नाई?"

"इचाराले तुमी घरी होत्या कोठं?"

रुपीबाई टोपल्याकडे वाकली, तशी बबिता मध्ये आली. "हात माहा हाय, याडी. तुमी लावू नोका."

रुपीबाई जागच्या जागी थांबली. कारण तो नियम तिचाच होता. ज्या हातानं कोंबडी बसवली त्याच हातानं अंड्याला शिवायचं, दुसरा हात लागला की अंडं गारठतं. तिच्या आईनं तिला असंच शिकवलं होतं, आणि ती वेदवाक्य मानत होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बबितानं सासूनं बसवलेल्या कोंबडीखालचं एक अंडं सहज उचलून पाहिलं होतं. तेव्हा रुपीबाईनं जो आवाज काढला, तो तांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. त्या खेपेला दोनतीन अंडी निघाली नाहीत, आणि त्यांचं पाप पुढं कितीतरी वर्षं सुनेच्या पदरात पडत राहिलं.

गाडी हलली. बबितानं सासूच्या पायाला हात लावला, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मागं न बघता वर चढली. तांडा दुपारपर्यंत ओस पडला.

पहिले काही दिवस बरे गेले. रुपीबाई सकाळी शेजारच्या गावात इंदुताईंच्या वावरात कापूस वेचायला जाई. इंदुताईंचं घर शेतकऱ्याचं, खातंपितं, आणि बाई बोलायला मोकळी. रंजिता शाळेत जाई. दुपारी रुपीबाई तरातरा घरी येई, कारण दिवसातून एकदा कोंबडी टोपल्यातून उठते तेव्हा तिच्यासमोर दाणापाणी पाहिजे, आणि कुत्रं-मांजर दारात नको. भुरी उठायची, अंग झाडायची, ज्वारी टिपायची, उकिरड्यावर धुळीत लोळायची. रुपीबाई कमरेवर हात ठेवून तिच्या मागं उभी.

"चाल, चाल. अंडे थंडे होऊन राह्यले."

भुरीला कसली घाई. ती आपल्या वेळेनं परतायची, अंड्यांवर अलगद पाय टाकायची, पोटाखाली सगळी ओढून घ्यायची आणि डोळे अर्धे मिटायची. मग उद्या दुपारपर्यंत हूं नाही की चूं नाही. एवढीशी कोंबडी तिथं निवांत, आणि इकडं रुपीबाईच्या जिवाची तगमग. खरं सांगायचं तर तिला त्या कोंबडीचा राग यायचा.

हळूहळू घर खायला उठू लागलं. कुलपं लावलेल्या दारांवरून वारा जायचा आणि कड्या वाजायच्या. उरलेले दोनचार म्हातारे उन्हात बसून खोकायचे. रुपीबाई उगाच फाट्यावर जाऊन उभी राहू लागली. पुसदची एसटी थांबली की कंडक्टरला विचारायची, "जागा हाय काय?" आणि तो "या" म्हणाला की मागं सरायची. एकदा तर गाठोडं बांधून झालं. रंजिताला शाळेतून आणायला निघालीही. तेवढ्यात कोठीमागून भुरीचा बारीक कुरकुर आवाज आला आणि तिनं गाठोडं खाली टाकलं. अंड्यावरची कोंबडी हलवता येत नाही. जागा बदलली की बिथरते, उठली की उठलीच. सगळ्या तांड्याला कोंबड्या बसवायला शिकवणारी रुपीबाई भरली अंडी टाकून पळाली, असं उद्या कुणी म्हटलं असतं तर तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

हात लावायचा नाही, म्हणून तर ती जास्तच कावरीबावरी झाली. स्वतः बसवलेली कोंबडी असती तर अंडं उन्हाला धरून पाहिलं असतं, आत काळं दिसतं का, हलतं का. इथं सगळं दुरून. रात्री रंजिता मोठ्यानं धडा वाचत बसली की रुपीबाई चुलीपासून टोपल्यापर्यंत आणि टोपल्यापासून दारापर्यंत फेऱ्या घालायची.

"दादी, तू बस ना," रंजिता म्हणायची. "माहं ध्यान जाते."

"तू वाच. म्या काय तुह्या पुस्तकावर चालून राह्यली?"

रुपीबाई तारखा मोजत नसे, आठवडी बाजार मोजत असे. कोंबडीला दिग्रसचे तीन बाजार लागतात. तिसरा बाजार झाला, त्या दिवशी तिनं पिल्लांसाठी मुद्दाम तांदळाची कणी आणली. येऊन टोपल्याला कान लावला. आत काही नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्याच्या मोबाइलवरून तिनं बबिताला फोन लावला.

"थंडी हाय ना, याडी," बबिता म्हणाली. "थंडीत उशीर लागते."

"म्या काय आज कोंबड्या बसवून राह्यली? टोचाचा आवाज नाई, काई नाई. एक अंडं उचलून पाह्यतो."

"नोका लावू. मंग एखादं निंगालं नाई, त मले बोलसान."

आपलेच दात अन् आपलेच ओठ. रुपीबाईनं फोन परत केला आणि त्या म्हाताऱ्याला उगाचच चार शब्द सुनावले.

चौथाही बाजार गेला. भुरी वाळून अर्धी झाली होती, पण जागा सोडत नव्हती. त्या संध्याकाळी मुकादम उत्तमसिंगची जीप तांड्यात आली. त्याची माणसं पळाली होती, फडावर हात कमी पडत होते.

"काकी, चालतं काय? सकाळी निंगतो. मोळ्या बांधाले माणूस नाई माह्यापाशी."

रुपीबाईचे पाय जागच्या जागी नाचले. पण ती ओठ दाबून म्हणाली, "कोंबडी बसली हाय."

"कोंबडी बसली त बसू दे, तू कायले बसली?" उत्तमसिंग हसत पुढच्या घराकडं गेला.

त्या दिवशी दाणापाणी द्यायला उशीर झाला होता. रुपीबाई तणतणत घरात शिरली तशी भुकेली भुरी टोपल्यातून झटक्यात उठली, तिच्या पायात अडकून एक अंडं काठावरून घरंगळलं आणि फरशीवर फुटलं. रुपीबाईनं खाली पाहिलं तर नुसतं पाणी. पिवळं आणि पांढरं एक झालेलं पातळ पाणी. रक्ताचा धागा नाही, पिल्लाचा पत्ता नाही. तिनं टरफल उचललं. वरून तांबूस, पण कोंबडीच्या पोटानं घासून एका बाजूचा रंग उडालेला, आणि खाली पांढरं फटक.

मग तिनं नियम-बियम काही पाहिला नाही. टोपल्यातलं एक अंडं उचलून ओल्या राखेनं घासलं. तांबूस रंग बोटांना लागला. दुसरं घासलं, तिसरं घासलं. सगळी तशीच. दुकानातली पोल्ट्रीची अंडी, चहापत्तीच्या पाण्यात बुडवून गावरान केलेली. बाजारात गिऱ्हाइकाला फसवायला काही लोक असं करतात, हे रुपीबाईला माहीत होतं. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या कोठीमागं? कोंबड्याचं तोंड न पाहिलेल्या कोंबडीची अंडी. त्यातून जन्मभर काही निघालं नसतं.

ती टोपल्यापाशी खाली बसली आणि एकेक गोष्ट तिच्या लक्षात येत गेली. खरी अंडी ठेवली असती तर पिल्लं निघाली असती, आणि पिल्लं टोपल्यात घालून दादी पोरीसकट फडावर आली असती, मागच्यासारखी. न निघणारी अंडी ठेवली म्हणून कोंबडी उठणार नाही, आणि कोंबडी उठत नाही तोवर सासू उठणार नाही. सासूचाच नियम, सासूचीच अब्रू, आणि त्याच दोरीनं सासूला खुंट्याला बांधून सून निघून गेली. शेरास सव्वाशेर.

रुपीबाईला राग आवरेना. सगळी अंडी तिनं उकिरड्यावर नेऊन फोडली. फोनवर भांडून तिचं समाधान होणार नव्हतं. समोर जायचं, फडाच्या मध्यभागी उभं राहायचं आणि साऱ्या तांड्याला ऐकू जाईल असं बोलायचं. ती तशीच उत्तमसिंगकडे गेली, "दोन जागा ठेवजो," म्हणाली आणि परत आली.

"सकाळी निंगाचं हाय," तिनं रंजिताला सांगितलं.

रंजितानं मान वर केली. एकदा टोपल्याकडे पाहिलं, एकदा दादीकडे. "बरं," एवढंच म्हणाली.

मग ती उठली. दप्तरातली पुस्तकं काढून थप्पी केली, खताच्या रिकाम्या पोत्यातली प्लॅस्टिकची पिशवी वेगळी केली, पुस्तकं आत सरकवली आणि तोंडाशी पीळ देऊन उलटी दुमडून सुतळीनं बांधली. मग पेटीवर चढून छपराचं टिन आणि लाकूड यांच्या मधल्या सांदीत पिशवी बसवली. जागा तिला पाठ होती. पिशवी उंदरापासून किती दूर ठेवायची तेही तिला पाठ होतं.

"दादी, इंग्रजीचं संग घेऊ काय? मागच्या साली भिजलं होतं."

रुपीबाई गाठोडं बांधत राहिली.

"अन सकाळी जाताजाता शाळेत सांगून येऊ काय? नाईत बाई वाट पाह्यते."

रुपीबाई तिच्या रडण्याची वाट पाहत होती. रडली असती तर दटावलं असतं, म्हटलं असतं की आम्ही नाही जगलो का शाळेवाचून. रडणाऱ्या पोरीला बोलायला रुपीबाईजवळ शब्द होते. पण ही रडतच नव्हती. ही नीट, हळूहळू, सराईत हातानं आपली शाळा बांधून वर ठेवत होती, जसं रुपीबाई दरसाल तवा आणि पाटा बांधायची. एवढ्याशा हाताला ते काम कुणी शिकवलं, हे विचारायची गरज नव्हती. रुपीबाईला लाज वाटली. सुनेचा राग कुठं गेला ते तिला कळलं नाही, नुसती लाज उरली, आणि ती लाज घेऊन कुठं चालत जावं तेही सुचेना.

कोठीमागं भुरी परत आली होती. टोपल्यात अंडं नव्हतं, तरी रिकाम्या भुशावर पंख पसरून बसली होती.

सकाळी उजाडताच रुपीबाई इंदुताईंच्या दारात उभी होती.

"गावरान अंडे हायेत काय, इंदुताई? घरचे पायजे, कोंबड्यातले. ताजे."

"हायेत की," इंदुताई टोपली घेऊन आल्या. "पण तुयी कोंबडी त बसून हाय ना? किती दिवसाची ऐकून राह्यली मी."

"ते अंडे सुनेनं ठेवले होते. हे म्या ठेवतो."

इंदुताईंना त्यात काय फरक ते समजलं नाही, पण त्यांनी चांगली, मोठी, एकसारखी अंडी निवडून तिच्या पदरात घातली. पैशाचं नाव काढू दिलं नाही. एक पिल्लू माझं, म्हणाल्या.

आता पदरात अंडी असली की धावता येत नाही. रुपीबाई वावराच्या बांधानं पाय जपत जपत निघाली. ढेकूळ दिसलं की वळसा घालायचा, नाला आला की आधी पाय टेकून पाहायचा. तिकडं जीपचा भोंगा वाजू लागला होता. जन्मभर तो आवाज ऐकला की तिचे पाय आपोआप पळायचे. आजही पळू पाहत होते. तिनं पदर दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि चालणं आणखी हळू केलं.

"काकी, लवकर चढ, ऊन होते," उत्तमसिंग जीपमधून ओरडला.

"आवाज करू नोको. पदरात अंडे हायेत."

"मंग दोन जागा ठेवल्या त्या?"

"दुसऱ्याले दे. मले कोंबडी बसवाची हाय."

उत्तमसिंगनं कपाळाला हात लावला. रुपीबाई जीपच्या बाजूनं तशीच पुढं गेली. दारात रंजिता गाठोडं घेऊन उभी होती, पायात चपला, केसांना तेल लावून तयार.

रुपीबाईनं टोपल्यातला भुसा बदलला, ताजा निंबाचा पाला आणला. भुरीला आधी पोटभर ज्वारी खाऊ घातली, पाणी पाजलं, कारण तिच्यावर दुसऱ्यांदा ओझं घालत होती आणि ते तिला कळत होतं. आता रोज दोनदा, हातानं चारायचं, असं तिनं मनाशी ठरवलं. मग एकेक अंडं तिच्या पोटाखाली सरकवलं. भुरीनं चोच मारून हाताचं रक्त काढलं. रुपीबाईनं हात मागं घेतला नाही. शेवटचं अंडं गेलं तेव्हा भुरी जराशी हलली, सगळी नीट ओढून घेतली आणि खाली बसली.

बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. रंजिता दारातून आत पाहत होती.

"दादी, गाडी चालली."

"जाऊ दे. तू पेटीवर चढ अन आपली पिशवी काढ. शाळेले उशीर होते."

रंजिता गाठोडं टाकून पेटीवर चढली, आणि सुतळीची गाठ सोडता सोडता तिला रडू आलं. कालपासूनचं सगळं तेव्हा आलं. रुपीबाईनं पुढं होऊन ती गाठ दातांनी सोडवली.

संध्याकाळी बबिताचाच फोन आला. म्हातारा मोबाइल घेऊन दारापर्यंत आला.

"याडी, उत्तमसिंग म्हणे तुमी दोन जागा सांगतल्या अन आल्या नाई."

"अंडे बसवले म्या आज," रुपीबाई म्हणाली. "इंदुताईच्या घरचे. कोंबड्यातले."

बबिताला जे समजायचं ते समजलं होतं.

"याडी, म्या ते…"

"आयक आता. हे निंगाले तीन बाजार लागतीन. मंग पिल्लं बारीक राह्यतीन, घारीपासून जपा लागते. टोपल्यात घालून हिंडवून मागच्या टायमाले अर्धे मेले होते, म्या तुले सांगतलं नवतं. मंग जरा मोठे होतीन तवरक हिची परीक्षाच येते." रुपीबाईनं दम घेतला. "तू उन्हाळ्यात येशीन तवा पाह्यजो. पिल्लांच्या कोंबड्या झालेल्या असतीन, अन पोरगी सहावीत."

पलीकडं बबिता रडायला लागली. रुपीबाईनं तिला गप्प केलं नाही.